आंबा न खाणारा कोकण्या

मला हापूस आवडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलो, घरची थोडी कलमं आहेत, एप्रिल लागला की पुण्यातले स्नेही ‘यंदा भाव काय?’ म्हणून मलाच फोन करतात, आणि मला हापूस आवडत नाही. पायरी, केसर, लंगडा, दशहरी यांच्याशीही माझं जमत नाही, पण त्यांच्याबद्दल लोक निदान ऐकून तरी घेतात. हापूसचं नाव काढलं की पंचाईत होते.

आधी समोरचा हसतो. त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय. मग चौकशी सुरू होते. अ‍ॅलर्जी आहे का? नाही. शुगर? अजून तरी नाही. उष्ण पडतो? तोंड येतं? गळवं होतात? नाही हो, काहीच होत नाही. इथपर्यंत आवाजात काळजी असते, कारण यातलं काही असतं तर माझी कीव करता आली असती. ते काहीच नाही म्हटल्यावर एक ‘मग?’ येतो. त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नाही. आवडत नाही, एवढंच. पण एवढंच पुरत नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

यानंतर जे वाक्य येतं ते मला आता पाठ झालंय: ‘तू चांगला हापूस खाल्लाच नसशील.’ बोलणारा ठाण्याचा असो, साताऱ्याचा असो, त्याने आयुष्यात कलमाचं झाड जवळून पाहिलेलं नसो, तो मला हे ऐकवतो. देवगडचा माणूस म्हणतो, तुम्ही रत्नागिरीवाले, तुम्हाला काय कळणार, आमच्याकडचा खा. रत्नागिरीतलेच लोक म्हणतात, समुद्राकडच्या कातळावरचा खायला हवा, तुमची कलमं खाडीच्या आत. मराठवाड्यातला मित्र केसरची पेटी पाठवतो. विदर्भातला म्हणतो, कलमी आंब्याचं सोड, गावरान आंबा माचून चोखून बघ. गोव्यात तरी आश्रय मिळेल असं मला वाटलं होतं. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्कचं नाव ज्या आंब्याला चिकटलं, तो पोर्तुगीज काळात कलमांच्या वाटेने जिथून आला, त्याच गोव्यात त्याला फारसं कुणी मोजत नाही. पणजीतल्या यजमानांना मी हापूस आवडत नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी मला कडकडून मिठी मारली. ‘बरोबर! तो आंबाच नव्हे!’ म्हणाले आणि मानकुरादच्या फोडी पुढे केल्या.

या सगळ्यांचा युक्तिवाद हरू शकत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. खाल्ला आणि आवडला नाही, तर तो चांगला नव्हता. म्हणजे चांगला आंबा अजून पुढेच आहे, आणि मी मरेपर्यंत पुढेच राहणार.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आपली एनसीएल. तिथे हापूसच्या वासावर बरंच काम झालंय. कोकणातल्या फळांचे नमुने नेऊन, कैरीपासून पिकेपर्यंतच्या टप्प्यांवर त्यातली वासाची रसायनं मोजली गेली. त्यातून दिसलं ते असं: फळात टर्पीन वर्गातली रसायनं भरपूर असतात, म्हणजे टर्पेंटाइन ज्या घराण्यातलं त्याच घराण्यातली. पिकायला लागलं की त्यांच्या जोडीला लॅक्टोन येतात. तसले लॅक्टोन नारळात, पीचमध्ये, दुधाच्या सायीतही सापडतात. शिवाय फ्युरॅनिऑल नावाचं एक द्रव्य, जे स्ट्रॉबेरीत आणि अननसातही असतं आणि ज्याचा वास तापलेल्या साखरेच्या अंगाने जातो. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कारण चांगला तयार हापूस माझ्यासमोर कापला की मला हे तिघे एकदमच भेटतात. आधी रंगाच्या दुकानात शिरल्याचा वास. त्याच्या मागून नारळाच्या घट्ट दुधाचा दाटपणा. आणि शेवटी, पाक जरा पुढे गेला की पातेल्याच्या कडेला येतो तो गोडपणा. एकेकट्याशी माझं भांडण नाही. नारळाचं दूध मी वाटीने पितो. पण हे तिन्ही एका फोडीत, वर तो लोण्यासारखा मऊ गर, आणि तो जिभेवरून हलायलाच तयार नाही. माझा घसा तिथे थांबतो.

आता हापूसवर जीव टाकणाऱ्या कुणालाही विचारा, त्याची चव कशी असते. ‘अहाहा’ म्हणेल. ‘अमृत’ म्हणेल. फार आग्रह केलात तर डोळे मिटेल. आवडणाऱ्याला चवीकडे बघावं लागत नाही, तो सरळ गिळतो. ज्याला आवडत नाही त्याच्याकडे मात्र कायम खुलासा मागितला जातो, आणि खुलासे देता देता त्याचा अभ्यास होऊन जातो. कारल्याची चव कारलं न खाणाऱ्या पोराइतकी बारकाईने कुणी सांगितली आहे का? हापूसबद्दल माझी हीच घमेंड आहे, आणि तिला पुरावा आहे: घरातली आंब्याची निवड माझ्याकडे असते.

ती जबाबदारी लहानपणीच आली. माजघराला लागून आमची आढीची खोली होती. खिडकी नाही, फक्त कौलांत बसवलेली एक काच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. पहिले काही दिवस त्या खोलीला नुसता गवताचा वास यायचा. मग एका सकाळी दार उघडलं की वास अंगावर यायचा आणि घरातली सगळी चुलत-आते भावंडं त्या दाराशी घुटमळायला लागायची. चोऱ्या व्हायच्या. पेंढा विस्कटायचा, कच्चे आंबे दाबून बघितले जायचे, दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग. शेवटी आजीने राखणीला मला बसवलं. घरात त्या फळाला हात न लावणारं एकच पोर होतं, तिने नेमकं तेच हेरलं.

राखणीवरून मी आढी चाळण्यावर आलो. आजीच्या हाताखाली रोज सकाळी पेंढा बाजूला करायचा, एकेक फळ उचलायचं, दाबायचं मात्र नाही. देठाजवळ नाक न्यायचं. आजचे, उद्याचे, परवाचे, असे वेगळे करायचे. डागी निघाला की लगेच बाहेर, नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो. आजी म्हणायची, रंगावर जाऊ नको, रंग फसवतो. देठाभोवतीचे खांदे भरलेले हवेत, साल किंचित सैल पडायला हवी, आणि वासातला हिरवेपणा गेलेला हवा. तो हिरवेपणा गेलेला मला सगळ्यांच्या आधी कळायचा, कारण त्याच्या जागी येणारा पिकलेला वास माझा वैरी होता. साका मात्र कुणालाच कळायचा नाही. बाहेरून फळ निर्दोष आणि आत कोयीच्या अंगाला पांढुरका, स्पंजासारखा, बेचव भाग. तो बाहेरून ओळखता येतो म्हणणारे बाजारात पुष्कळ भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. आजीलाही ओळखता यायचा नाही. ती तसं कबूल करायची, एवढाच फरक.

आजीही हापूस खात नव्हती. हे आधी सांगायला हवं होतं. माझ्या जन्माआधी ती काशीयात्रा करून आली होती. काशीला गेलं की आवडीची एखादी खायची वस्तू सोडून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बरेच लोक त्यातूनही वाट काढतात आणि दुधी भोपळा किंवा पडवळ सोडून येतात. आजीने हापूस सोडला. घरची कलमं, आढीत शेकड्यांनी फळं, आणि माझ्या आजीने हापूस सोडला! गावात ही गोष्ट पुढे किती तरी वर्षं सांगितली जात होती. (रायवळ तिने सोडला नव्हता. तो ती दोन्ही हातांनी माचून चोखायची. देवाशी करार करतानाही कोकणी माणूस कागद नीट वाचतो.)

तर त्या अंधाऱ्या खोलीत हापूस न खाणारी आम्ही दोघं आमोरासमोर बसलेली असायचो. जेवणाच्या पंगतीतही शेजारी. वाढणारी काकू आमच्या दोघांच्या पानाशी रसाचं पातेलं न टेकवता पुढे जायची. दोन पानं, दोघांच्या वाट्या रिकाम्या. पण आजीच्या रिकाम्या वाटीकडे बघून पाहुणे हात जोडायचे आणि माझ्या वाटीकडे बघून ‘याला काय झालंय?’ म्हणायचे. तिची वाटी म्हणजे पुण्य, माझी म्हणजे खोड. मी आजीला एकदा विचारलं होतं, मी पण सोडला म्हणून सांगू का? ती म्हणाली, ‘मेल्या, सोडायला आधी धरावा लागतो.’

माझं आजही तेच म्हणणं आहे. न खाण्याला आपल्याकडे कितीतरी मानाच्या जागा आहेत. उपास आहे, चातुर्मास आहे, पथ्य आहे, माळ आहे, सोवळं आहे, आणि आता डाएटही आहे. चार महिने कांदा-लसूण बंद म्हणा, तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक होईल. डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणा, वाटी मुकाट्याने उचलली जाईल. फक्त ‘मला आवडत नाही’ याला जागा नाही. ते पोरकट, माजोरडं, संस्कार कमी पडल्याचं लक्षण. त्यातही कारलं, शेपू, दोडका असल्या बदनाम मंडळींबद्दल नावड असली तर हसून सोडून देतात, कारण मनातून पुष्कळांचं तेच असतं. सगळ्यांना आवडणारी वस्तू नावडली तर मात्र समोरच्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. मी तुमच्या आंब्याला नाव ठेवत नाही हो, म्हणून सांगून दमलो. मी नुसता तो खात नाही.

कोथिंबीर न खाणाऱ्यांचा मला हेवा वाटतो तो यामुळेच. त्यांच्या बाजूने विज्ञान उभं राहिलंय. काही लोकांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. 2012 साली हजारो लोकांच्या जनुकांची तपासणी होऊन त्याचा संबंध ओआर6ए2 या वास ओळखणाऱ्या जनुकाच्या आसपासच्या एका फरकाशी जोडला गेला. कोथिंबिरीत अल्डिहाइड वर्गातली जी रसायनं असतात, तसली साबणातही असतात, तेव्हा त्या लोकांचं नाक खोटं बोलत नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई मुळाच्या लोकांपैकी 7 टक्क्यांना कोथिंबीर नकोशी वाटत होती, पूर्व आशियाई मुळाच्या लोकांत हेच प्रमाण 21 टक्के. शंभरात सात! त्या हिशेबाने एखाद्या शंभर पानांच्या पंगतीत सात जण पोह्यांवरची, आमटीतली, कोशिंबिरीतली कोथिंबीर गुपचूप गिळत असतील आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसेल. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांनी टीव्हीवरच सांगून टाकलं होतं, की पानात कोथिंबीर दिसली तर मी ती वेचून जमिनीवर टाकेन. असं बोलायला ज्युलिया चाइल्डच असावं लागतं. आपल्याकडे पंगतीत कुणी वेचून खाली टाकली तर आधी तिथल्या आज्या त्याला उठवतील.

त्याच्याही आधी, 1931 मध्ये, आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढी कडू आहे! फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी चाखून बघितलं, तरी एकाला कडू आणि एकाला बेचव. तिथून पुढे घराघरांतून माणसांना ती पूड चाखवली गेली आणि ती कडू लागणं-न लागणं वंशातून येतं हे कळलं. मला या कथेत तो सहकारी आवडतो आणि फॉक्सही आवडतो. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला ‘तू चांगली पूड खाल्लीच नसशील’ असं म्हणालेलं नाही.

माझ्याकडे असा जनुकाचा दाखला नाही. त्यात माझी बाजू आणखी कच्ची होते ती कैरीमुळे. कैरी मला प्रचंड आवडते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आंबेडाळ खाऊन निघून गेल्या, की उरलेलं पातेलं माझं. पन्हं, मेथांबा, तक्कू, लोणच्याची करकरीत फोड, मीठ-तिखट लावलेली नुसती कैरीची चीर. लोकांना हे ऐकून जास्त राग येतो. त्याच झाडाचं तेच फळ, महिनाभर आधी खातोस आणि पिकल्यावर तोंड फिरवतोस? हो. महिनाभरात त्यात जे काय होतं तेच तर मला नको आहे. पण एवढं ऐकायला कुणी थांबत नाही, कारण तोवर मँगो मस्तानी आलेली असते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पळायला जागाच नाही. श्रीखंडाचं आम्रखंड होतं, बर्फी पिवळी होते, केकवर फोडी येतात, लग्नात रसाचं वेगळं काउंटर लागतं. 2018 साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालू होती, आणि मीही मनापासून अंगठा दिला. देवगड म्हणून कर्नाटकातला आंबा गळ्यात मारणाऱ्यांचा मला इतरांपेक्षा जास्त संताप येतो. शेवटी फसवणूक वासावरूनच होते आणि वास माझा विषय आहे.

लग्नानंतरची पहिली आखाजी सांगायची राहिली. सासुरवाडी जळगाव जिल्ह्यातली. खानदेशात अक्षय तृतीयेला केवढं महत्त्व आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घागर पुजायची, पितरांना आगारी टाकायची, आणि मग आंबा. गेलेल्या माणसांना दिल्याशिवाय जिवंतांनी तोंडाला लावायचा नाही, असं तिथे बऱ्याच घरांत पाळतात. (पितरांना आवडतो की नाही हे कुणी विचारत नाही. माझी पाळी येईल तेव्हा माझ्या नावाने कैरी ठेवावी, हे इथे लिहून ठेवतो.) पाट मांडलेला, समोर खापरावरची भलीमोठी पुरणपोळी, रशी, भजी, कुरडया, आणि मधोमध रसाचा वाडगा. वाटी नव्हे. वर तूप तरंगतंय. नवा जावई, तोही थेट रत्नागिरीचा, म्हणून सासूबाईंनी रस स्वतः काढलेला आणि सगळं घर दारात उभं. रत्नागिरीचा माणूस आमच्या आंब्याला काय म्हणतो ते ऐकायला.

मी वाडगा हाताने जरा लांब सारला आणि तोंडातून निघून गेलं, ‘मी सोडलाय.’

सासरे पुढे वाकले. ‘काशीला?’

मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाही सांगता येणार नाही, पण ती होकारार्थी समजली गेली. खोलीतला सूरच बदलला. ‘एवढ्या तरुण वयात!’ मागून कुणीतरी बाई म्हणाली. वाडगा जवळजवळ आदरानेच उचलला गेला. पोळीवर तुपाची आणखी एक धार पडली. सासरे शेजारच्या पाटावरच्या चुलत सासऱ्यांना म्हणाले, कोकणातल्या लोकांचं सगळं असंच नेमाचं असतं. बायको समोरून माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की मी नागपूरच्या पुढे कधी गेलेलो नाही. तिने तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. आजतागायत त्या घरी मला कुणी आंबा वाढत नाही. खोटं बोललो याची टोचणी लागायला हवी होती, पण पोटभर जेवल्यामुळे ती लागली नाही. आजी तेव्हा असती तर तिला हा किस्सा फार आवडला असता, आणि तिने मला खरोखर काशीला पाठवून पडवळ सोडायला लावलं असतं.

माझ्या भाचीला चॉकलेट आवडत नाही. नऊ वर्षांची आहे. तिच्या पिढीचा हापूस म्हणजे चॉकलेट, तेव्हा तिची गत काय होते ते मी बघतोच. वाढदिवसाला गेली की केक तोच, परतीच्या पिशवीतली भेट तीच, आणि केक नको म्हटलं की कुणाची तरी आई खाली वाकून विचारणार, ‘अ‍ॅलर्जी आहे का गं, बाळा?’ नाही म्हणाली की, ‘मग हे खाऊन बघ, हे स्वित्झर्लंडचं आहे.’ देवगडचं आहे, असंच ऐकू येतं मला. माझी बहीणसुद्धा तिला म्हणते, एक घास खा, काकूंना वाईट वाटेल. गेल्या दिवाळीत भाचीने मला विचारलं, मामा, तू काय करतोस? मी तिला आखाजीची गोष्ट सांगितली. नुसती गोष्ट म्हणून.

परवा सोसायटीत कुणाचा तरी वाढदिवस होता. बहीण तिला आणायला गेली, तर यजमानीणबाई जरा अवघडून दारातच थांबल्या होत्या. भाचीच्या पानात वेफर्सचा भलामोठा ढीग, केकचा पत्ता नाही.

‘तुम्ही कधी जाऊन आलात हो काशीला?’ त्यांनी बहिणीला विचारलं. ‘आमच्या सासूबाईंना जायचंय. कुठल्या ट्रॅव्हल्सने गेला होतात?’